दसऱ्याला रिकाम्या संगणकाची आरती झाल्याबाबत

जबाब
दिनांक ८ ऑक्टोबर २०२५

नाव : श्रीमती हेमलता विश्वनाथ ताम्हाणे. वय : ७२ वर्षे. धंदा : सेवानिवृत्त लघुलेखिका (धंदा हा शब्द कागदावर छापलेला आहे, माझा नाही). शिक्षण : जुनी अकरावी, कॉन्व्हेंट शाळा. राहणार : ६०४, सागरकिरण सहकारी गृहनिर्माण संस्था, उलवे, नवी मुंबई.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणाच्याही दबावाला बळी न पडता आणि बराच वेळ बाकावर बसवून ठेवले असतानाही शांत राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत माझी नोकरी झाली. साहेब सांगतील ते लिहायचे आणि साहेब सांगायला विसरतील तेही लिहायचे, असे ते काम होते. त्यामुळे समोरचा मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय बटण दाबायची मला सवय नाही. आमच्या सोसायटीत ही सवय दुसऱ्या कोणाला असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हे वाक्य जबाबात घ्यायचे का, असे जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस नाईक प्राची मॅडम यांनी विचारले. घ्या, असे मी सांगितले.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष श्री. सुभाष पेडामकर यांनी काल माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी सोसायटीच्या संगणकातील हार्ड डिस्क चोरली, संगणकाशी छेडछाड केली आणि त्यावर अश्लील मजकूर ठेवला, अशा तीन गोष्टी त्यात आहेत. पहिल्या दोन मी केल्या. चोरी हा शब्द चुकीचा आहे, एवढेच. तिसऱ्याबद्दल पुढे सांगते.

सोसायटीच्या ऑफिसात एक जुना संगणक आहे. महिला मंडळाला तो दुपारी वापरायची परवानगी मागच्या कमिटीने ठराव करून दिलेली आहे. मंडळात आम्ही दोघीच उरलो आहोत. मी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या श्रीमती खैरुन्निसा तुंगेकर. त्या मूळच्या उरणच्या, शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या माहेरी लग्नात बायका नवऱ्या मुलाकडच्या मंडळींना चिडवणारी गाणी म्हणत. ती गाणी त्यांनी आठवून, चुलत्यामावश्यांकडून विचारून आणून मला सांगायची आणि मी टाइप करायची, असे आम्ही गेली चार वर्षे करत आहोत. ज्यांनी गाणी दिली त्यांपैकी तिघी आता नाहीत. खैरुन्निसांची नात मुस्कान हिचा निकाह येत्या रविवारी आहे. त्या दिवशी या गाण्यांची पुस्तिका छापून बायकांच्या हातात द्यायची, असे ठरलेले आहे.

ही सर्व गाणी एका जुन्या मराठी टायपिंग प्रोग्रामवर आहेत. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी बंद पडली. तिची सीडी कोणत्या कमिटीच्या काळात हरवली, यावर वाद आहे. तो प्रोग्राम त्या एका संगणकाशी बांधलेला असून दुसरीकडे चालत नाही. ऑफिसला प्रिंटर नाही, तो छापायच्या वेळी बाहेरून आणून जोडायचा होता. गाण्यांची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरी उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, टोप्या आणि डॉलरची चिन्हे दिसतात. दोन ठिकाणी बदलून देतो म्हणाले, त्यांनी जोडाक्षरांचा पार चुराडा करून दिला. म्हणून नुसती फाइल वाचवून उपयोग नव्हता. संगणकाची विंडोज, तो प्रोग्राम आणि आमची गाणी, सगळे बिऱ्हाड जसेच्या तसे राहायला हवे होते.

गणपतीनंतर त्या संगणकातून कट कट असा आवाज येऊ लागला. सुरू व्हायला इतका वेळ लागे की खैरुन्निसा तेवढ्यात नमाज पढून येत. कधी निळा पडदा येऊन सगळे बंद पडे. पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहून येत होते की डिस्क लवकरच निकामी होईल, तिची प्रत करून घ्या. अध्यक्ष ते वाचण्याआधीच बंद करत. मी त्यांना समक्ष सांगितले.

ते म्हणाले, "अहो ताम्हाणे मॅडम, वय झालं की आवाज येणारच. तुमचे-आमचे गुडघे नाय वाजत?"

मी म्हटले, "माझ्या गुडघ्यात चार वर्षांचं टायपिंग नाही."

त्यांनी केतन नावाच्या मेकॅनिकला बोलावले. केतनने आवाज ऐकला, पंखा पुसला आणि म्हणाला, "आंटी, टेन्शन नको. फॉरमॅट मारून टाकतो, एकदम नवा होईल." फॉरमॅट मारला की आतले सर्व जाते, हे त्याने सांगितले नाही. मी विचारल्यावर म्हणाला, "हां, ते तर जाणारच ना." मी त्याला चहा देऊन परत पाठवले.

त्यानंतर मी कमिटीला लेखी कळवले की नवी डिस्क मी माझ्या खर्चाने आणते, जुनीवरचे सगळे तिच्यावर उतरवते आणि पुन्हा याच संगणकात बसवून देते. उत्तर आले की दिवाळीनंतर नवा संगणक घेऊ, हा भंगारात जाईल, तोपर्यंत कोणी झाकण उघडू नये. दिवाळी निकाहाच्या नंतर येते, हे मी निदर्शनास आणले. अध्यक्ष म्हणाले, "मग निकाह पुढे ढकला." हे त्यांनी हसत म्हटले. खैरुन्निसा तेथे हजर होत्या. त्या हसल्या नाहीत.

वाशीहून मी नवी डिस्क आणली. ती पैशांच्या पाकिटाएवढी असते आणि तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून आवाजही नसतो. पावती माझ्या नावाची असून ती हजर करते.

दसऱ्याला आमच्या ऑफिसात संगणकाची पूजा होते. पाटावर संगणक, पुढे रांगोळी, वर झेंडूचा हार, झाकणाला कुंकवाची बोटे. पूजेनंतर त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून मगच ते सुरू करायचे, असा नियम आहे. एरवी त्या संगणकावर कोणी ना कोणी पत्ते खेळत बसलेले असते. वर्षातून या एकाच दिवशी तो पूर्ण मोकळा असतो. हे माझ्या लक्षात आले, इतरांच्या आले नाही, यात माझा गुन्हा काय ते कळावे.

दसऱ्याच्या दुपारी जेवणे आटोपून सगळे आडवे झाल्यावर मी व खैरुन्निसा ऑफिसात गेलो. किल्ली मंडळाकडेही असते. हार काढला नाही, कुंकू पुसले नाही. हार थोडा सरकवून बाजूचे झाकण उघडले, चार स्क्रू काढले आणि जुनी डिस्क बाहेर घेतली. झाकण लावून हार पूर्ववत केला. खैरुन्निसा झेंडूची दोन फुले जास्त लावा म्हणाल्या, ती लावली.

डिस्क मी आपट्याच्या पानांच्या पिशवीत ठेवली. वाटेत वॉचमन गोटीराम भेटला. त्याला सोने दिले. लिफ्टमध्ये अध्यक्ष श्री. पेडामकर भेटले. त्यांनाही त्याच पिशवीतून सोने दिले. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असे रीतीप्रमाणे म्हटले. पिशवीत आणखी काय आहे, असे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते.

माझ्या घरी माझा स्वतःचा संगणक आहे. त्याला दोन्ही डिस्क वायरीने जोडल्या. दोन्हींना आधी हळदकुंकू वाहिले. खाली जो संगणक पाटावर बसवला होता तो मी त्या दिवशी वापरला नाही, नियम मोडला नाही. माझ्या संगणकाची पूजा मी आदल्या दिवशी नवमीलाच उरकली होती.

प्रत करण्याच्या प्रोग्राममध्ये मुख्य धोका असा की कशावरून कशावर उतरवायचे हे आपण सांगायचे असते. उलटे सांगितले तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर होते आणि सर्व संपते. प्रोग्राम एकदाच विचारतो. मी ते मोठ्याने वाचले. खैरुन्निसांनी परत वाचले. मग आम्ही जागा बदलून पुन्हा वाचले. शेवटी खैरुन्निसा म्हणाल्या, "आता किती वाचशील गो हेमा, परीक्षा हाय काय?" त्यांनी बिस्मिल्ला म्हटले आणि मी बटण दाबले.

सुरुवातीला नीट चालले. मग जुनी डिस्क कट कट करू लागली आणि आकडा पुढे सरकेना. पडद्यावर आले की डिस्कचा काही भाग वाचता येत नाही. खराब भाग सोडून पुढे जायचे की थांबायचे? खराब भागात काय होते ते कळायला मार्ग नव्हता. विंडोजचा एखादा कोपरा असेल, गाणी असतील. खैरुन्निसा तसबीहचे मणी ओढू लागल्या. मी टेबल फॅन आणून डिस्कवर लावला, कारण ती तापली होती. थोड्या वेळाने पुढे जा असे सांगितले.

ते चालू असतानाच खालून संध्याकाळच्या आरतीचे बोलावणे आले. मी न जाणे संशयास्पद दिसले असते. खैरुन्निसांना डिस्कपाशी बसवून मी खाली गेले. अध्यक्षांच्या हातात तबक होते. त्यांनी संगणकाला ओवाळले, कमिटीने ओवाळले, मीही ओवाळले. त्या वेळी संगणकाच्या आत काही नव्हते. अध्यक्षांनी डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते.

आरतीनंतर वर आले तेव्हा खैरुन्निसा दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "झाला. पुरा झाला. मी काय पन नाय दाबला, तूच ये आनि बंद कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजेच्या आधी मी नवी डिस्क संगणकात बसवली. सुरू केल्यावर (एवढा एक नियम मात्र मोडला) काळ्या पडद्यावर आले की चालू करण्याजोगे काही सापडत नाही. मी घाबरले हे मान्य करते. मग ते पूर्ण वाचले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते की कोणत्या डिस्कवरून सुरू करायचे ते निवडा. जुनी डिस्क शोधत तो बसला होता. नवीचे नाव निवडले. विंडोज उघडली. टायपिंगचा प्रोग्राम उघडला. गाण्यांची फाइल उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गाणी होती. खैरुन्निसांनी एक गाणे हलक्या आवाजात म्हणून खात्री केली. संगणक बंद करून, हार नीट करून आम्ही बाहेर आलो.

उत्तरपूजेनंतर अध्यक्षांनी संगणक सुरू केला. त्यांचा चहा येण्याआधी तो सुरू झाला. असे पूर्वी कधी घडलेले नव्हते. त्यांनी बंद करून परत सुरू केला. नंतर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले की मनापासून पूजा केली की यंत्रसुद्धा ऐकते. ज्यांनी पूजा सांगितली त्या गुरुजींचा फोन नंबर दिला. शेजारच्या दोन बिल्डिंगमधून विचारणा आली. एकांनी त्यांच्या बंद पडलेल्या गीझरबद्दल विचारले.

मी गप्प राहिले. खैरुन्निसांचे म्हणणे असे होते, "तुझा काम झाला ना? मंग गप बस. त्याला खूष ऱ्हऊ दे." मी चार दिवस गप्प बसले, ही माझ्या स्वभावाला धरून नसलेली गोष्ट आहे, ती नोंदवावी.

कोजागिरीला गच्चीवर सोसायटीचा कार्यक्रम होता. मसाला दूध झाल्यावर अध्यक्षांनी माइक घेतला आणि गुरुजींना शाल व नारळ देऊन संगणकाबद्दल बोलायला सुरुवात केली. ते म्हणाले, काही लोक विनाकारण घाबरवत होते, इंग्रजी वाचून दाखवत होते, पण शेवटी श्रद्धा कामाला आली. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. पाहिले नसते तर मी उठले नसते.

मी उठून सांगितले की गुरुजींच्या मंत्रांबद्दल मला आदर आहे, त्यांनी शाल ठेवून घ्यावी. मात्र संगणकात मी नवी डिस्क बसवली आहे आणि संध्याकाळी अध्यक्षांनी ज्याची आरती केली तो डबा आतून रिकामा होता. मग मागून सई नावाच्या मुलीचे हसणे ऐकू आले. त्यानंतर सगळेच हसले. गुरुजीही हसले. अध्यक्ष हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तक्रार झाली आणि ऑफिसला त्यांनी नवे कुलूप लावले. त्यामुळे आम्हाला गाणी छापायला देता येईनात, आणि निकाह रविवारवर येऊन ठेपला.

आता अश्लील मजकुराबद्दल. अध्यक्षांनी संगणक तपासताना गाण्यांची फाइल उघडली आणि एक गाणे तक्रारीत उतरवून दिले. ते असे :

नवऱ्याचा मामू बसला पाटावं,
दात नाय तोंडान, हात घाली हाडावं.

यात अश्लील काय, असे मी प्राची मॅडमना विचारले. त्यांनी दोनदा वाचून काही सापडत नाही असे सांगितले. अध्यक्षांना हेच गाणे का खटकले असे त्यांनी मला विचारले. ते अध्यक्षांना विचारावे. गेल्या वर्षी त्यांनी कवळी बसवली, एवढेच मला ठाऊक आहे. गाणे खैरुन्निसांच्या आजीच्या वेळचे आहे.

आज सकाळी अध्यक्ष पुरावा म्हणून तो संगणक स्वतःच्या गाडीतून ठाण्यात घेऊन आले. त्यांची एकच मागणी होती. "जशी होती तशी स्थिती करून द्या. जुनी डिस्क परत बसवा."

मी जुनी डिस्क सोबत आणलेली होती. ती प्राची मॅडमच्या समोर टेबलावर ठेवली. स्क्रू काढले, नवी डिस्क बाहेर काढून पर्समध्ये ठेवली, जुनी बसवली आणि संगणक सुरू केला. कट कट असा आवाज आला. नंतर तोही थांबला. पडदा काळाच राहिला. बाहेर बसलेले दोघे हवालदार बघायला आत आले.

प्राची मॅडम म्हणाल्या, "हे घ्या काका, जशी होती तशी. मिळाली ना?"

अध्यक्ष म्हणाले, "मग सोसायटीची पत्रं, सभेचे अहवाल, पार्किंगची नावं, ती कुठं आहेत?"

मी सांगितले की ती माझ्या पर्समध्ये आहेत. डिस्क माझी आहे, पावती दाखवली आहे, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. त्यांनी मागणी केली तशी पूर्वस्थिती आलेली आहे. दिवाळीत हवी तर पुन्हा पूजा करावी.

अध्यक्षांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवाळीपर्यंतचे दिवस बोटाने मोजले. त्यानंतर म्हणाले, "मॅडम, ती तुमची डिस्क असू दे आतच." मी म्हटले, "मोठ्याने सांगा, लिहून घेतायत." त्यांनी मोठ्याने सांगितले. चोरीची व छेडछाडीची तक्रार मागे घेतो, असेही सांगितले. अश्लील मजकुराची मात्र ठेवतो म्हणाले, कारण त्यात तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी असे म्हटल्याचे मला दुःख झाले नाही.

मी नवी डिस्क परत बसवली. मग प्राची मॅडमना विनंती केली की मजकुराची तक्रार कायम असेल तर एका गाण्यावरून निर्णय करता येणार नाही. सगळा मजकूर वाचला गेला पाहिजे आणि कागदोपत्री जोडला गेला पाहिजे. त्यांनी साहेबांना आत जाऊन विचारले. साहेबांनी बरोबर आहे, जोडा असे सांगितले. गाणी दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीत, हे मी दाखवून दिले. म्हणून ठाण्याचा प्रिंटर आमच्या संगणकाला जोडण्यात आला. जोडायला वेळ लागला, तो भाग सोडते. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळी गाणी छापून निघाली. अध्यक्ष कागद बदलून देत होते, कारण प्रिंटर त्यांच्या बाजूला होता.

एक संच तक्रारीला जोडण्यात आला. जिच्यावर आरोप आहे तिला प्रत मिळते का, असे मी विचारून घेतले, त्याप्रमाणे दुसरा संच मला मिळाला. प्रत्येक पानावर ठाण्याचा गोल शिक्का आणि सही आहे. खैरुन्निसा बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळी पाने उलटून पाहिली. शिक्का छापखान्यात काढून टाकता येईल, असे मी त्यांना सांगितले.

त्या म्हणाल्या, "खुळी झालीस काय? तसाच छापायचा. नवऱ्याकरची मानसा बगतील ना, येकजन तोंड वर करनार नाय."

त्या आताच रिक्षाने छापखान्यात गेल्या आहेत. जुनी डिस्क मी ठाण्यात जमा केली आहे, ती परत नको.

वरील मजकूर मी सांगितला तसाच मराठीत लिहून घेतला, मला मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर मी तो माझ्या चष्म्याने पुन्हा वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. वाचून दाखवताना प्राची मॅडम गाण्याच्या ओळींपाशी थांबल्या, पाणी प्यायल्या आणि त्या दोन ओळी त्यांनी चालीवर म्हटल्या. बाकीचा जबाब सरळ वाचला.

सही
हेमलता वि. ताम्हाणे

समक्ष
महिला पोलीस नाईक